माळावरची माणसं पाण्यात उतरली

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि नदीनंही तेव्हापासून आपलं पात्र बदललं आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी थोडं जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण ती मोठ्यांचीच आहे.

एका उंच, उघड्या माळावर मेंढपाळांचं एक गाव होतं. लागोपाठ दुष्काळ पडले. गवत संपलं, तळं आटलं, मेंढरं पाय मुडपून बसू लागली. राजाला दया आली. त्यानं नदीच्या वळणावरचं हिरवं कुरण त्यांना दिलं, आणि सगळं गाव घोंगड्या खांद्यावर टाकून खाली उतरलं.

मेंढरं सुखावली. माणसं मात्र नदीकडं पाठ करून बसत. माळावरच्या तळ्यात कमरेच्या वर पाणी कुणी पाहिलं नव्हतं. आणि इथं दाराशीच असं पाणी होतं, की त्याला तळ किती खोल, ते कुणी सांगेना.

पहिल्याच पावसाळ्यात बाजाराहून येणारी नाव उलटली. नावाडी पोहून निघाला. गावातली चार माणसं गेली. त्यात हिराईचा नवरा होता. हिराईची एकुलती लेक शेवंता पलीकडच्या, बाजाराच्या गावात दिलेली. बापाला नावेत बसवून ती काठावर उभी होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं कारभाऱ्याला सांगितलं, "पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या गावात प्रत्येकाला पोहता आलं पाहिजे."

कारभाऱ्यानं सरूला बोलावलं. सरू नावाड्याची मुलगी. भरल्या पुरात आडवी नदी कापणारी ती एकटी होती. कारभारी म्हणाला, "एवढं शिकवशील ना?"

सरू हसली. "त्यात शिकवायचं काय? पाणीच शिकवतं."

पोरांच्या बाबतीत ते खरंच निघालं. तिनं त्यांच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधले, पाण्यात लोटून दिलं, आणि होळीच्या आत सगळी पोरं बेडकांसारखी सुळसुळू लागली. मग तिनं मोठ्यांना बोलावलं.

मोठी माणसं आली. राजाचा हुकूम होता, आणि बुडालेल्यांची आठवण होती. सरूनं त्यांना काठावर रांगेत उभं केलं. हात कसे मारायचे, पाय कसे झाडायचे, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. उन्हं चढली तरी ती सांगतच होती. मागं उभी असलेली माणसं जांभया देऊ लागली. मग ती म्हणाली, "आता भोपळे बांधा आणि मारा उड्या."

भोपळे बघून बायकांनी पदर तोंडाला लावला. पुरुष एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी म्हाळूबाबा पुढं झाला. म्हाळूबाबा म्हणजे गावातला सगळ्यांत जाणता मेंढपाळ. त्याच्या शब्दावर गावानं माळ सोडला होता. लोकांनी मागं राहू नये म्हणून त्यानं भोपळा बांधला, डोळे मिटले आणि उडी टाकली.

भोपळा सरकून मानेकडं आला. म्हाळूबाबा उलटा झाला. नाकातोंडात पाणी गेलं, पागोटं सुटून वाहू लागलं, आणि जीव मुठीत धरून तो कसाबसा काठाच्या मुळ्यांना लटकला. बघायला जमलेली पोरं हसली. त्यांत त्याची नातवंडंही होती. आणि हसू आवरेना म्हणून सरूही हसली.

म्हाळूबाबा काठावर चढला. ओल्या अंगानं तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाची मेंढी व्यायला आली होती. बायकांचे तर उपासच निघाले. होता होता एका सकाळी सरू काठावर एकटीच उभी राहिली.

तिला राग आला. ती मनाशी म्हणाली, 'यांना जिवाचीच पर्वा नाही, तर मला कशाला?' कारभाऱ्याला तसं सांगून मोकळं व्हावं, म्हणून ती निघाली.

वाट नदीच्या उतारावरून जात होती. उतार म्हणजे जिथं पाणी पसरट आणि उथळ होतं ती जागा. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची म्हणून गाव तिथं जमलं होतं. सरू एका करंजाच्या झाडामागं थांबली.

म्हाळूबाबा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या हातांत एक पाठ होती, म्हणजे अजून न व्यालेली तरणी मेंढी, पहिल्यांदाच पाण्यात आलेली. ती थरथरत होती. म्हाळूबाबानं एक तळवा तिच्या हनुवटीखाली धरला होता आणि दुसरा हात पोटाखाली. तो तिला धूत नव्हता, पुढंही ओढत नव्हता. नुसता धरून उभा होता आणि खालच्या आवाजात काहीबाही बोलत होता. तिचं अंग सैल पडलं, तसा तो एक पाऊल पुढं सरकला. पुन्हा थांबला. पलीकडं हिराईची जाऊ ठकू एका म्हाताऱ्या मेंढीला धूत होती, आणि पाठीला ती मेंढी सतत दिसेल असा म्हाळूबाबा उभा होता.

सरू बराच वेळ बघत राहिली. मग पुढं आली.

"बाबा, तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात."

म्हाळूबाबानं खाली पाहिलं, जणू आताच कळलं. "हे कुठं पाणी, पोरी? हे तर आमचं काम."

"हिला ढकललंत तर लवकर नाही का होणार?"

"होईल की. एकदा होईल. पण ढकललेली मेंढी पुढल्या वर्षी पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही."

सरू दोन पावलं पाण्यात उतरली. पायाशी पाणी खळखळत होतं.

"बाबा, मी त्या दिवशी हसले," ती म्हणाली. "हसायला नको होतं."

म्हाळूबाबानं पाठीला काठावर सोडलं. तिनं अंग झटकलं आणि कळपात पळाली. तो ओले हात झटकत म्हणाला, "पोरं हसली त्याचं काही नाही, त्यांचं वयच ते. पण तुला एक सांगतो. लेकरू पडलं की उठतं आणि विसरतं. आमचं तसं नाही. आम्ही पडलो की सगळ्या आयुष्याच्या उंचीवरून पडतो. मग माणूस म्हणतं, गुडघा दुखतोय."

सरू त्या दिवशी कारभाऱ्याकडं गेलीच नाही. ती गावात गेली. घरोघरी ओसरीवर बसली आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली, "नदीशी तुमचं काय काम आहे?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. माणसं हळूहळू बोलू लागली. धुळा नावाचा दांडगा गडी म्हणाला, "कोकरू घसरून पाण्यात गेलं तर मला त्याच्यापर्यंत पोचता यावं. बाकी काही नको." ठकू म्हणाली, "घागर भरताना माझे पाय कापतात. ते थांबलं तरी पुष्कळ." एक म्हातारा म्हणाला, त्याला फक्त बाजाराच्या दिवशी नावेत डोळे उघडे ठेवून बसायचं आहे.

सरूला स्वतःचंच नवल वाटलं. घागर भरू पाहणाऱ्या बाईला ती पूर कापायला शिकवत होती.

सगळ्यांत शेवटी ती हिराईकडं गेली. हिराई चुलीपुढं बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "माझं काही काम नाही नदीशी. नदीनं तिचं काम केलं."

सरू उठली नाही. चुलीतलं लाकूड तिनं नुसतं आत सारलं. बऱ्याच वेळानं हिराई म्हणाली, "शेवंताला दिवस गेलेत. श्रावणात मोकळी होईल. पहिलटकरीण आहे. तिची सासू नाही. मी गेले नाही, तर तिच्या उशाशी कोण बसणार?" आणि मग म्हणाली, "पण नावेत पाय टाकायचा, म्हणजे पलीकडं पोचायची खात्री धरावी लागते. ती माझी गेली."

पुढच्या सकाळी सरूनं सगळ्यांना उतारावर बोलावलं. उड्या मारायच्या त्या खोल डोहाकडं नाही. पोरांना तिनं कळपामागं दूर कुरणात धाडलं. भोपळे घरीच ठेवले.

"आज मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "मेंढरं धुताना जिथवर जाता, तिथवर चला. दोघादोघांनी जोड्या करा. एकानं मेंढी व्हायचं, दुसऱ्यानं धरायचं. कसं धरायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मग धुळा पाण्यात आडवा झाला आणि गंभीरपणे म्हणाला, "मी बें बें करू का?" सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं. त्यात हसणाराही पाण्यात होता.

म्हाळूबाबानं धुळाच्या हनुवटीखाली तळवा धरला, पोटाखाली हात घातला आणि सवयीनं खालच्या आवाजात बोलू लागला. दांडगा धुळा हळूहळू सैल पडला. "अरे," तो म्हणाला, "पाणीच धरतंय मला."

सरू जोड्याजोड्यांतून फिरत राही. कुणी मान ताठ धरली, तर बोटानं दाखवी. कुणी विचारलं, तर सांगे. ऊन चढलं, की सगळे खडकावर अंग वाळवत बसत, भाकरी सोडत, आणि ती विचारी, "आज काय झालं?" कुणी म्हणे कानात पाणी गेलं की जीव घाबरतो. दुसरा म्हणे मला आकाशाकडं बघितलं की बरं वाटतं. असं एकाचं ऐकून दुसरा शिके. दुसऱ्या दिवशी माणसं सांगायच्या आधीच येऊन उभी राहत.

हिराई मात्र पाण्यात आली नाही. ती रोज येई आणि काठावर बसून सगळ्यांची घोंगडी राखी. सरूनं तिला कधी "ये" म्हटलं नाही. फक्त सरू सगळ्यांची घोंगडी रोज थोडी पाण्याच्या जवळ ठेवायला लागली.

सगळंच नीट चाललं होतं असं मात्र नाही. वैशाखात कारभारी घोड्यावरून बघायला आला. माणसं उथळ पाण्यात आडवी पडलेली पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अजून इथंच? राजाला मी काय सांगू? डोहात कधी जाणार?"

सरू घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिनं धुळाला डोहाकडं नेलं. पायाखालचा तळ सुटताच धुळानं तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही पाणी प्यायली. सरूनं त्याला बाहेर काढलं खरं, पण तो दूर जाऊन नदीकडं पाठ करून बसला.

सरू सगळ्यांसमोर त्याच्यापाशी गेली. "धुळादादा, चूक माझी आहे. तुम्ही तयार नव्हता. मी कारभाऱ्याला भ्याले आणि घाई तुम्हाला केली."

धुळानं मान हलवली. चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, "तूही भितेस, हे कळलं ते बरं झालं." मग सरूनं डोहाकडं जायची वाट त्यालाच ठरवायला सांगितली. तो रोज वीतभर खोल जाई. कधी त्याच जागी थांबे. ज्येष्ठ लागता लागता त्यानं डोह ओलांडला, आणि ओलांडून झाल्यावरच त्याच्या ते लक्षात आलं. मग म्हाळूबाबाही त्याच वाटेनं डोहात उतरला.

एके दिवशी ठकूची जोडीदारीण आजारी पडली. ठकू पाण्यात एकटीच उभी राहिली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि काठाकडं हाक दिली, "जाऊबाई, मला जरा धरता का?"

हिराई उठली. घरात लेकराला धरायला उठावं, तशी उठली. ठकूच्या मानेखाली तिनं तळवा धरला आणि म्हणाली, "अंग सोड. मी आहे." ठकू पाण्यावर आडवी तरंगू लागली. बराच वेळ गेल्यावर हिराईनं खाली पाहिलं. पाणी तिच्या कमरेच्या वर होतं.

ती ठकूला सोडून हलली नाही. तशीच उभी राहून ती रडू लागली. "इथंच कुठंतरी असतील ते," ती म्हणाली. "या पाण्यात."

कुणी तिची समजूत घातली नाही. एकेक जण जवळ आला आणि तिच्याभोवती उभा राहिला. त्या दिवशी पोहणं झालं नाही. सगळ्यांच्या मधून नदी हळूहळू वाहत राहिली. हिराईचं रडणं ओसरलं, तेव्हा ठकूनं विचारलं, "आता मी धरू तुम्हाला?" आणि हिराई पाठीवर झोपली.

श्रावण आला. तोवर हिराई पाठीवर पडून बेतानं पाय हलवायला शिकली होती. नदी गढूळ होऊन दोन्ही काठ चाटू लागली. एका दुपारी पलीकडून निरोप आला, की शेवंताला कळा सुरू झाल्यात.

हिराई नावेकडं निघाली. तिला एकटी कशी जाऊ द्यायची म्हणून म्हाळूबाबा बरोबर निघाला. नावेत एक मीठ विकणारा परगावचा माणूस आधीच बसला होता. वल्हं सरूच्या बापाच्या हाती होतं. सरू काठावर उभी राहून बघत होती.

नाव अर्ध्यावर गेली आणि वरून वाहत आलेला एक मोठा ओंडका तिच्या बाजूवर आदळला. बघता बघता नाव उलटली.

सरूनं उडी टाकली. पण तिच्या आणि त्यांच्या मधे अर्धी नदी होती, आणि तिला माहीत होतं की आपण वेळेवर पोचणार नाही. हात मारता मारता ती समोर बघत होती.

मीठवाल्यानं तिच्या बापाच्या मानेला मिठी घातली होती. दोघं खाली जात होते, वर येत होते. तेवढ्यात म्हाळूबाबा मागून त्याच्याजवळ आला. त्यानं मीठवाल्याच्या हनुवटीखाली तळवा घातला, त्याचं तोंड आभाळाकडं केलं आणि त्याच्या कानाशी बोलू लागला. काय बोलत होता ते सरूला ऐकू येत नव्हतं. पण मीठवाल्याचे हात सुटले. तिचा बाप मोकळा झाला. दोघांनी मिळून त्या माणसाला वळणाच्या पाण्यातून पलीकडच्या काठाकडं नेलं.

आणि हिराई? सरूनं सगळ्या नदीवर नजर फिरवली. तेव्हा तिला खाली दूरवर एक हिरवं लुगडं दिसलं. हिराई पाठीवर होती. ती हात झोडत नव्हती, ओरडत नव्हती. आकाशाकडं बघत होती आणि पाय हलवत होती, एकेक, बेतानं. नदी तिला खाली नेत होती, पण ती तिरकी सरकत होती. गवताच्या एका पुंजक्याला तिचा हात लागला. तिनं तो धरला आणि गुडघ्यांवर काठावर चढली. मागं वळून न बघता शेवंताच्या गावाकडं चालू लागली.

ती दारात उभी राहिली, तेव्हा शेवंताच्या दोन कळांमधली शांतता होती. तिनं आईला पाहिलं. केस मोकळे, लुगड्यातून पाणी गळतंय, कोपर सोललेलं.

"आई," ती अर्धवट उठत म्हणाली. "नाव उलटली?"

"उलटली."

"मग तू कशी आलीस?"

हिराई तिच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपायला गेली. पदरच ओला होता. दोघींना हसू आलं, आणि हसता हसता शेवंता रडू लागली.

"अर्धी वाट नावेनं आले," हिराई म्हणाली. "उरलेली माझी मी आले."

पहाटेला शेवंताला मुलगी झाली.

पुढं राजानं सरूला दरबारात बोलावलं, मानाची साडी दिली आणि विचारलं, "ज्यांना पाण्याचं नाव नको होतं, त्या मोठ्या माणसांना तू काय शिकवलंस?"

सरू म्हणाली, "महाराज, आधी मी पुष्कळ शिकवलं, तेव्हा कुणी शिकलं नाही. मग मी विचारलं, तेव्हा तेच शिकले."

 राजानं कारभाऱ्याला सांगितलं, की इथून पुढं राज्यात मोठ्या माणसांना शेती असो, औषध असो की शस्त्र, काहीही शिकवायला ज्याला धाडायचं, त्यानं आधी त्या गावात राहावं, ओसऱ्यांवर बसावं आणि ऐकावं. शिकवायला सुरुवात नंतर करावी.

मोठ्या माणसाला शिकवायचं असेल, तर आधी त्याची भीती आणि त्याचं शहाणपण दोन्ही आदरानं विचारून घ्यावं. उरलेली वाट तो आपली आपण येतो.